बराकीतली दादी गोमी

दादी गोमी पहिल्यांदा माझ्याशी बोलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. मला वाटलं, माझ्या पाठीशी कुणी आगरी बाई उभी आहे आणि ती बोलते आहे. समोर तर एक उंच, गोरीपान, धारदार नाकाची सिंधी बाई होती. अंगात पांढरी सुथण, म्हणजे सैल सलवार, वर लांब पैरण, डोक्यावर मलमलची ओढणी. आणि तिच्या तोंडून शब्द आले ते असे, "कवा आयलीस गो नर्सबाय? इतं बस. पानी पी आदी."

ही मराठी तिला काशीबायने शिकवली होती. काशीबाय जवळच्या गावातून डोक्यावर टोपली घेऊन कॅम्पात भाजी विकायला यायची. दादीच्या कानावर पडलेली पहिली मराठी काशीबायची, म्हणून दादीच्या लेखी तीच शुद्ध. माझी बदलापूरची मराठी ऐकून ती एकदा म्हणाली होती, तू नीट बोलत नाहीस, तोंडात काहीतरी धरून बोलतेस.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मुंबईला मिडवाइफचं शिक्षण संपवलं होतं आणि निर्वासितांच्या कॅम्पातल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. वडील गेलेले, घरी आई आणि मी. सकाळच्या गाडीने अंबरनाथला उतरायचं आणि तिथून कॅम्प चारपर्यंत चालत जायचं, हा माझा रोजचा शिरस्ता. लढाईच्या दिवसांत सैन्यासाठी उभ्या केलेल्या लांबच लांब बराकी होत्या त्या. सैन्य गेलं, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथे येऊन राहिली. एका बराकीत दहा-बारा कुटुंबं. मध्ये भिंती नाहीत, गोणपाटं, जुनी लुगडी, कुठे पत्रा. एका घरातला खोकला पाचव्या घरात ऐकू जायचा.

सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडची माणसं तो शब्द आजी अशा अर्थाने घ्यायची आणि पंचेचाळिशीच्या त्या बाईला आजी म्हणून हाक मारायची. तिने कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. तिचा नवरा परसराम शिकारपूरचा मोठा व्यापारी होता. तीन मजली घर, अंगणात विहीर, दारात टांगा. दादीनेच मला एकदा सांगितलं, की त्या घरात ती पंधराव्या वर्षी आली आणि पुढच्या तीस वर्षांत बाजार कसा दिसतो ते तिने पाहिलं नाही. कापडवाला घरी, सोनार घरी, वैद्य घरी. घराबाहेर पडायचं ते टांग्याला पडदे लावून. आणि कॅम्पात आल्यावर पहिल्याच सकाळी तिला बादली घेऊन चारशे माणसांच्या रांगेत नळावर उभं राहावं लागलं.

"मना रडू आयला," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, की रडत उभी असताना तिच्या लक्षात आलं, पुढच्या दोन बायका रांग मोडून घुसल्या आहेत. तेव्हा रडणं बाजूला ठेवून तिने त्या दोघींना मागे ओढलं. दुसऱ्या दिवसापासून त्या नळाची व्यवस्था दादीकडे आली. ती तिला कुणी दिली नव्हती. बाळंतिणीची बादली पहिली, मग म्हाताऱ्यांची, मग बाकीच्यांची, हा नियम तिचा. कॅम्पाचे मोठे साहेब एकदा पाहणीला आले. ही रांग पाहून त्यांनी विचारलं, हे कुणी ठरवलं. दादी पुढे झाली आणि म्हणाली, "मी. तू दुसरा नळ कवा देतंस?" साहेब मराठी होते. त्यांना या बाईने अरे-तुरे केलेलं पाहून बरोबरचे कारकून गारठले. साहेब मात्र हसू दाबत वहीत काहीतरी लिहू लागले. काशीबायच्या बोलीत 'तू' सगळ्यांना चालतो, तो दादीने तसाच उचलला होता. महिन्याभराने दुसरा नळ आला.

घरी कुणीही येवो, दादीचा एक क्रम ठरलेला असे. आधी पाणी, सोबत भाजलेला पापड, मग बोलणं. "पहिरीं पाणी, पोइ गाल्हि," असं ती म्हणायची. आधी पाणी, मग गोष्ट. माणूस कितीही घाईत असो, रडत असो, भांडत आलेला असो. मी तिला विचारलं होतं, की समजा आग लागल्याचं सांगायला कुणी आलं तर? ती म्हणाली, तरी पाणी तर आणावंच लागेल.

तिच्या दोन गोष्टी मला सुरुवातीला समजल्या नाहीत. एक म्हणजे तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेली चामड्याची छोटी पिशवी. मी ती ताईत समजत होते. दुसरी म्हणजे ती नवऱ्याशी बोलत नसे. परसरामकाका दिवसभर बराकीच्या दाराशी बाजेवर बसलेले असत. सुकलेले, शांत, टोपी मात्र स्वच्छ. दादी त्यांचं सगळं करायची. आंघोळीचं पाणी, जेवण, कपडे. पण बोलणं दुसऱ्याकरवी. "नर्सबाय, साईंना सांग, भात झालाय." काका तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. मी सांगायची. काका मला म्हणायचे, तिला सांग, येतो. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशीच ही यांची रीत असेल, असं मी धरून चालले होते.

काशीबायची आणि तिची मैत्री भांडणातून झाली होती. ते भांडण मी पाहिलेलं नाही, दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आहे. काशीबाय पहिल्यांदा कॅम्पात आली ती भाजी विकायला आलीच नव्हती. लढाईच्या वेळी सरकारने त्या भागातली शेतं सैन्यासाठी घेतली, त्यात तिच्या सासऱ्याचीही गेली. लढाई संपली की जमीन परत मिळेल म्हणून घरातले सगळे वाट बघत होते. लढाई संपली आणि तिथे ही हजारो माणसं येऊन उतरली. एक दिवस काशीबाय संतापून बराकीत शिरली आणि दादीच्या चुलीसमोर उभी राहून ओरडायला लागली. दादीला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिने पाणी दिलं. काशीबायने ते फेकून दिलं. दादीने दुसरा पेला भरून दिला. मग बराकीत राहणाऱ्या एका मुंबई पाहिलेल्या माणसाने सिंधीत समजावलं, की ही बाई म्हणते, तुमची चूल आहे तिथे आमचं खलं होतं. खलं म्हणजे मळणीचं खळं.

दादीने विचारलं, नक्की कुठे? काशीबायने पायाने जमिनीवर रेघ ओढली. इथून तिथपर्यंत. दादीने ती रेघ नीट पाहिली. मग चूल उचलली आणि रेघेच्या बाहेर, दाराकडच्या अडचणीच्या कोपऱ्यात नेऊन मांडली. त्याने कुणाची जमीन परत मिळणार नव्हती, हे दोघींनाही कळत होतं. पण काशीबाय खाली बसली आणि तिने तो दुसरा पेला प्यायला. पुढे कायम ती भाजीची टोपली घेऊन त्याच मोकळ्या जागेवर बसायची. चूल कोपऱ्यातच राहिली. धुराने दादीचे डोळे लाल व्हायचे. मी एकदा म्हटलं, आता चूल परत मध्ये घ्या, काशीबाय काही म्हणणार नाही. "ती नाय म्हननार," दादी म्हणाली. "मना ठाव हाय ना, जागा कोनाची."

माझा आणि तिचा खरा संबंध आला तो बाळंतपणांमुळे. ती सुईण नव्हती. पण शिकारपूरच्या घरात जावा, नणंदा, सुना मिळून अकरा बाळंतपणं तिच्या देखत झाली होती. बराकीतल्या बायका दवाखान्यात यायला लाजायच्या, म्हणून मला तिथे जावं लागायचं. जाऊन पाहावं तर दादीने आधीच पाणी उकळून ठेवलेलं, जुनं सुती कापड धुऊन वाळवलेलं, पुरुषांना बराकीबाहेर घालवलेलं. पहिल्या वेळी तिने माझा हात धरला, मनगटावरचं घड्याळ काढून स्वतःच्या ओढणीत बांधलं आणि कोपरापर्यंत हात पुन्हा धुवायला लावले. मी शिकलेली नर्स. मला राग आला. पण तिचं बरोबर होतं.

कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी बसून ती एक अजब उपचार करायची. म्हणायची, नवऱ्याला शिव्या दे. बायका लाजायच्या. मग ती स्वतः सुरुवात करून द्यायची. सिंधी शिव्या मला तेव्हा कळत नसत. पण गोणपाटाच्या पलीकडे उभे असलेले पुरुष खोकायला लागायचे, त्यावरून अंदाज यायचा. तिसऱ्या-चौथ्या कळेला ती बाई स्वतः मोकळी व्हायची आणि असं काही बोलायची, की सगळ्या जणी हसत सुटायच्या. हसता हसता मूल व्हायचं. मी पुढे चाळीस वर्षं नोकरी केली, अनेक दवाखाने पाहिले. हा उपाय मी बाकी कुठे वापरला नाही, माझ्यात ती धमक नव्हती.

मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी भागी आली.

भागी दादीच्याच बराकीतल्या तोलारामची बायको. वीस-एकवीसची. देश सोडताना गर्दीत पळापळ झाली. तोलाराम, त्याची आई आणि भाऊ गाडीत चढले आणि भागी फलाटावर राहिली. तिचं काय झालं ते दोन वर्षं कळलं नाही. तोलारामच्या आईने ती मेली असं धरून तिचं सगळं करून टाकलं होतं. आणि एक दिवस सरकारी माणसं तिला घेऊन कॅम्पात आली. अशा हरवलेल्या बायका शोधून परत आणण्याचं काम तेव्हा दोन्हीकडची सरकारं करत होती. तिला उतरवलं, कागदावर सही घेतली आणि माणसं निघून गेली. भागीला सातवा महिना होता.

तोलारामच्या आईने गोणपाट खाली सोडलं. तोलाराम आत होता, तो बाहेर आला नाही. भागी गाठोडं घेऊन बराकीच्या मधल्या वाटेत उभी. दादीने जाऊन तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिला आपल्याकडे नेलं. अर्थात आधी पाणी दिलं.

भागी दादीकडे राहू लागली. ती फार बोलत नसे. मी तपासायला जायची तेव्हा छताकडे बघत पडून राहायची. ज्या माणसाच्या घरात दोन वर्षं होती त्याच्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, तो मारत नव्हता. मग कूस बदलून म्हणाली, विचारतही नव्हता.

आठव्या महिन्यात तोलारामची आई दवाखान्यात माझ्याकडे आली. भली बाई होती ती, हे मला सांगितलं पाहिजे. शेजारणीचं मूल आजारी पडलं तेव्हा तिने आठ दिवस उशाशी बसून काढले होते. ती माझ्यासमोर बसली, पदराशी चाळा करत राहिली आणि मग तिने हळू आवाजात सांगितलं, की सुनेला घरात घ्यायला ती तयार आहे. मुलगाही तयार आहे. पण ते मूल नको. मूल रडलंच नाही, असं काही होऊ शकतं का, असं तिने मला विचारलं. होतंच की असं पुष्कळ वेळा, ती म्हणाली. कुणी काही विचारणार नाही.

मी नाही म्हटलं. पण मी नाही म्हटल्याने काय होणार होतं? बराकीत दुसऱ्याही बायका होत्या, आणि मूल जन्मल्यावर मी जेमतेम तासभर तिथे असणार. मी तशीच दादीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. भागी मागे झोपलेली. दादीने ऐकून घेतलं, उठली आणि मला बरोबर घेऊन तोलारामच्या आईकडे गेली. त्या दिवशी तिने पाणीही मागितलं नाही आणि दिलंही नाही.

ती सिंधीत बोलली. तोवर मला सिंधी बरंच समजायला लागलं होतं, आणि ती अगदी सावकाश बोलत होती. ती म्हणाली, की शिकारपूर सोडायचं ठरलं त्या दुपारी परसरामने दोन पुड्या आणल्या होत्या. एक तिला दिली, एक मुलीला. मुलगी सोळा वर्षांची. नाव हरी. बाप म्हणाला, कुणी दार फोडून आलं तर हे तोंडात टाकायचं, इज्जत राहील. दोघींनी पुड्या गळ्यात बांधल्या. बाप सामान आवरायला खाली गेला. दादी देवघरात होती. मुलगी वरच्या खोलीत एकटी. तेवढ्यात दारावर जोरजोरात धक्के बसले.

"कोण होतं?" तोलारामच्या आईने विचारलं.

"टांगेवाला," दादी म्हणाली. "आमचाच. वीस वर्षं आमच्याकडे होता. स्टेशनवर न्यायला आला होता. उशीर होतोय म्हणून दार वाजवत होता."



दादी पुढे म्हणाली, की पुरुषांनी पुडी दिली आणि मी ती मुलीच्या गळ्यात माझ्या हाताने बांधली. गाठ मीच मारली. आता तू भागीच्या पोटातल्या मुलाची गाठ मारू नकोस. सून घे किंवा नको घेऊस. मूल माझ्याकडे राहील.

परतताना मी तिच्या गळ्यातल्या पिशवीकडे पाहिलं. तिला ते कळलं. "हो, तीच," एवढंच ती म्हणाली. आणि ती नवऱ्याशी का बोलत नाही, तेही मला तिथे कळलं.

भागी बाळंत झाली ती भर दुपारी. उन्हाळा होता, पत्रे तापलेले. मी होते, दादी होती, काशीबाय भाजीची टोपली तशीच टाकून मदतीला बसली होती. भागीला शिव्या द्यायला दादीने सांगितलं नाही. ती तिचे केस मागे सारत बसली. मुलगी झाली. लहानखुरी, पण रडली ती खणखणीत. मी नाळ कापली, मुलीला पुसून दादीच्या हातात दिलं. दादीने तिला काशीबायकडे दिलं, पितळेची थाळी उचलली, लाटणं घेतलं आणि ती बराकीच्या दारात जाऊन थाळी वाजवायला लागली.

मुलगी झाली म्हणून थाळी वाजवायची रीत त्यांच्यात नव्हती आणि आमच्यातही नव्हती. दादीने रीत म्हणून ती वाजवली नाही. आजूबाजूच्या बराकींतून माणसं बाहेर आली. नळावरच्या बायका बादल्या ठेवून आल्या. काय झालं, काय झालं? दादी वाजवत राहिली आणि ओरडून सांगत राहिली, मुलगी झाली, जिवंत आहे, निरोगी आहे, बघून जा. माणसं रांगेने येऊन बघून गेली. मला वाटतं, शंभर-दीडशे माणसांनी त्या तासाभरात ते मूल पाहिलं. आता ते मूल रडलंच नाही असं कुणालाही म्हणता येणार नव्हतं. शेवटी थाळीला पोचे पडले तेव्हा ती थांबली आणि उंबऱ्यावर मट्कन बसली. परसरामकाका बाजेवरून हे सगळं बघत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

चाळीस दिवसांनी तोलाराम स्वतः आला. गोणपाटाबाहेर उभा राहून म्हणाला, भागी, चल. ती गेली. मुलीला दादीच्या मांडीवर ठेवून गेली. मी तेव्हा तिच्यावर मनातून चिडले होते. आईने असं जावं कसं? दादीला मी तसं बोलूनही दाखवलं. ती मलाच रागावली. तिला घर मिळतंय, ती म्हणाली, पोरीला दूध मिळतंय. तू आधी उपाशी राहून बघ, मग तिला शहाणपण शिकव. आणि खरंच, भागी दिवसातून चार वेळा यायची, मुलीला पाजायची आणि आपल्या घरी परत जायची. मधे फक्त तीन गोणपाटं. मुलीचं नाव सुंदरी ठेवलं. रेशनकार्डावर दादीने तिला आपली मुलगी म्हणून लावलं. कारकुनाने दादीच्या वयाकडे बघत शंका काढली तेव्हा दादी म्हणाली, "तुना बाळंतपनातला काय कलतंय?" आणि त्याने नाव लिहिलं. सुंदरी बोलायला लागली तेव्हा दादीला अम्मां म्हणू लागली आणि भागीला मासी.

सुंदरी रांगायला लागली आणि दिसेल ते तोंडात घालायला लागली. एक दिवस मी गेले तर दादीचा गळा मोकळा. पिशवी कुठे गेली, मी विचारलं. टाकली, ती म्हणाली, पोर सगळं ओढतं आणि तोंडात घालतं. जवळच्या वालधुनी नदीच्या पात्रात खोल खड्डा करून पुरून आली होती. आणि लगेच तिने मला पापड पुढे केला.

परसरामकाकांना त्या पोरीने बाजेवरून उठवलं. तिला कडेवर घेऊन ते कॅम्पभर फिरू लागले. तिला अंबरनाथच्या देवळात नेऊन दगडातले हत्ती दाखवायचे. पण दादीचं आणि त्यांचं बोलणं तसंच, तिसऱ्याकरवी. आता तिसरी सुंदरी. "साईंना सांग," दादी म्हणायची, आणि ते पोर दोन पावलांवरच्या माणसाला निरोप सांगायचं. तो तिला खेळ वाटायचा.

सुंदरी पाच-सहा वर्षांची असताना काकांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. दादी पायथ्याशी बसली होती. ते मला म्हणाले, तिला सांग, त्या दिवशी मी खालीच होतो. दाराशीच होतो. टांगेवाल्याचा आवाज मी ओळखला होता. पण वर हाक मारून सांगायचं मला सुचलं नाही. मी आधी दाराची कडी काढायला गेलो.

मी दादीकडे वळले. हे मी कसं सांगणार होते? ती उठून त्यांच्या डोक्याशी आली. मला हाताने बाजूला केलं.

"मला माहीत आहे," ती त्यांना म्हणाली. "पहिल्यापासून माहीत आहे. झोपा आता."

काका त्याच दिवशी दुपारी गेले.

पुढे माझी बदली नाशिकला झाली. जायच्या आधी मी दादीला बदलापूरला जेवायला बोलावलं. इतक्या वर्षांत ती आमच्या घरी आली नव्हती. आमचं घर मांजर्लीला, नदीच्या अंगाला. ती सुंदरीला आणि भागीला घेऊन आली. भागीला तोवर दोन मुलगे झाले होते, ते आजीपाशी ठेवून ती आली होती. सुंदरी आठ वर्षांची, लांब वेण्या, कॅम्पातल्या शाळेत दुसरीत.

माझी आई जुन्या वळणाची. पण तिने सगळ्यांना आपल्या पंगतीत वाढलं, आणि दादीची मराठी ऐकून ती पदरात तोंड लपवून हसत राहिली. जेवणं झाल्यावर दादीला नदी बघायची होती. त्यांच्यात नदीला मान फार. ओंजळीत तांदूळ-साखर घेऊन पाण्यात सोडतात. म्हणून आईने वाटीत तांदूळ-साखर दिली आणि आम्ही सगळ्या उल्हास नदीवर गेलो. पावसाळा नुकताच संपला होता, पाणी निवळलेलं, काठाला कातळ.

चालताना आईने सहज विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं, मीच कधी सांगितलं नव्हतं. दादी आणि भागी दोन बाजूंनी सुंदरीचे हात धरून चालल्या होत्या, ते पाहून तिने विचारलं, "किती गोड आहे हो पोर. तुमच्यातली कुणाची ही?"

दादी उत्तर देईल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड उघडलंही होतं.

"माझी," भागी म्हणाली.

मराठीत म्हणाली. तिला मराठी फारशी येत नसे, पण हा शब्द तिने अगदी नीट म्हटला. सुंदरी मान वर करून तिच्याकडे बघत राहिली. मग दादीकडे. भागीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

दादी थांबली होती. मी तिच्या चेहऱ्यावर काही वाचायचा प्रयत्न केला, पण ती माझ्या आईकडे बघत होती. ती आईला म्हणाली, "तिचीच. नाक बग ना." आणि तिने सुंदरीचा हात सोडला.

मग तिने आईच्या हातातली वाटी घेतली आणि ती एकटीच कातळावरून खाली उतरली. आम्ही वरच थांबलो. सुथण गुडघ्यापर्यंत वर करून ती पाण्यात शिरली, आणखी पुढे गेली, पोटऱ्या बुडेपर्यंत. डोक्यावरची ओढणी वाऱ्याने खांद्यावर आली, ती तिने सावरली नाही. केस सगळे पांढरे झाले होते, मला ते त्या दिवशीच दिसलं. आमच्याकडे पाठ करून ती बराच वेळ तांदूळ सोडत राहिली, चिमटी चिमटीने, जसं काही वाटी लवकर संपू नये.